सत्कार आधी, मॅरेथॉन नंतर

झाशी, निघण्याच्या आदल्या दिवशी

सोळा आठवडे पळणाऱ्या माणसाच्या बुटांचे तळवे असे नसतात, हे मला बडा बाजारातल्या मोच्याने सांगितलं. डाव्या बुटाची जीभ उसवली होती म्हणून मी बूट त्याच्याकडे नेले होते. प्रवासाआधीच्या माझ्या यादीतलं सातवं काम. त्याने बूट उलटा केला, तळव्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "भाभीजी, ये तो घर में पहनने के लगते हैं."

"रोज़ दौड़ते हैं इनमें. बयालीस किलोमीटर की तैयारी है."

"दौड़ते होंगे," तो म्हणाला आणि सुई ओवायला लागला.

पळणारे म्हणजे माझे यजमान. बोलताना मी त्यांना 'अहो' म्हणते, पण लिहिताना सोयीसाठी सुधीर म्हणते. वय त्रेपन्न. विम्याच्या कचेरीत नोकरी. दोन वर्षांपूर्वी रक्तातली साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, चालता चालता ते पळायला लागले आणि मागच्या पावसाळ्यात एके दिवशी जेवताना म्हणाले, "मुंबईची मॅरेथॉन पळावी म्हणतो. पूर्ण. बेचाळीस." मी सिविल लाइन्समधल्या एका शाळेचं कार्यालय सांभाळते. परीक्षा, बस, रजा, सगळ्यांचे तक्ते मीच करते. तेव्हा हा तक्ताही त्याच रात्री झाला आणि खंडेराव गेटजवळच्या आमच्या घरातल्या फ्रिजवर लागला. सोळा रविवार, दर रविवारी थोडं जास्त अंतर. पहाटे पाचला मी त्यांना दारात लिंबू-मीठ-पाणी द्यायची, ते ओरछ्याच्या रस्त्याला लागायचे आणि परतले की मी टिक करायची. तक्त्यात तीन तास असले तर तीन तासांनी परत. साडेतीन असले तर साडेतीनने. एकदाही पाच मिनिटं इकडेतिकडे नाही. खरं तर तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. झाशीत वेळेवर काय येतं?

मोच्याकडून निघाले ती हाच विचार करत. पण बूट पिशवीत घातले आणि पुढच्या दुकानात गजक, म्हणजे तिळाची खुसखुशीत चिक्की, घ्यायला थांबले, कारण ते यादीत आठवं होतं.

आता सत्काराचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. झाशीतली आम्ही मराठी घरं मोजकी. पेशवाईत कुणी कारकुनीला आलं, कुणी पूजेला, आणि राहिलं. आमच्याकडे एक रीत आहे: गावाबाहेर मोठ्या कामाला निघालेल्या माणसाचा सत्कार निघण्याआधीच करायचा. इतर ठिकाणी काम झाल्यावर करतात. पण आमची मुलं शिकायला पुण्याला गेली की तिकडचीच होतात. परत येतील तेव्हा शाल घालू म्हणून थांबलं तर शाली कपाटातच राहतात. म्हणून नारळ आधी हातात द्यायचा, मग गाडीत बसवायचं.

तसा सुधीरचा सत्कार झाला. गणपतीच्या देवळात, संक्रांतीच्या तिळगुळासोबत. आमच्या मंडळींचे चिटणीस भाऊकाका, वय अठ्ठ्याहत्तर, अजून इतिवृत्त स्वतःच्या हाताने शाईने लिहितात. त्यांनी भाषण केलं. "बेचाळीस किलोमीटर! म्हणजे इथून ओरछ्याला जायचं, यायचं, आणि तरी दम उरला तर बाजारातून भाजी आणायची." सगळे हसले, टाळ्या झाल्या. सुधीर मात्र हातातल्या नारळाकडे बघत होते. मला वाटलं, संकोच.

मोच्याकडून आल्यावर तो चेहरा पुन्हा आठवला. बूट जागेवर ठेवले. विचारलं काहीच नाही. दोनच शक्यता होत्या. एक, तयारी पुरती झालेली नाही आणि हा माणूस मुंबईच्या रस्त्यावर छातीला हात लावून बसणार. दोन, मला माहीत नसलेलं काहीतरी आहे. पहिलीची भीती वाटत होती. दुसरीचा राग, तोही आगाऊ.

गुरुवार, गाडीत

धुक्यामुळे गाडी पाच तास उशिरा आली. त्याचं वर्णन करत नाही. झाशीच्या माणसाला ते नवीन नाही आणि इतरांना पटणार नाही.

भोपाळला सुधीरनी दोन समोसे घेतले. शेवटच्या आठवड्यात तळलेलं वर्ज्य, असं तक्त्यात लाल शाईने लिहिलेलं होतं.

"एका समोशाने काय होतंय?"

"दोन आहेत."

"एक तुला घेतलाय."

"मला पळायचं नाही. तुम्हाला बेचाळीस पळायचंय."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर धुकं होतं, दुसरं काहीच नव्हतं. तरी बराच वेळ बघत होते.

शुक्रवार, गिरगाव

आम्ही उतरलो सुधीरच्या चुलत बहिणीकडे. विद्याताई गिरगावात चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात आणि लिफ्ट बंद होती. गजकाचा डबा वर पोचेपर्यंत त्याचा भुगा झाला होता. विद्याताईंनी तो वाटीत घेऊन चमच्याने खाल्ला. म्हणाल्या, "तुमच्याकडे तिळाचा चिवडा करतात होय?"

मुंबईत मराठी बोलायला मिळेल याचं मला अप्रूप होतं. खाली फळवालीकडे केळी घेतली, अगदी जपून, हिंदी न मिसळता बोलले. ती म्हणाली, "तुम्ही इंदूरच्या काय?" टॅक्सीवाला मात्र जौनपूरचा निघाला. त्याच्याशी पाच मिनिटांत घरच्यासारख्या गप्पा झाल्या. त्याने विचारलं, "भैयाजी दौड़ेंगे? इस उमर में?" सुधीर म्हणाले, "थोड़ा-बहुत." बेचाळीस किलोमीटरला थोडं-बहुत म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. वहीत टिपून ठेवलं.

ही टॅक्सी आम्ही पळताना छातीवर लावायचा नंबर आणायला केली होती. नंबर आधी जाऊन घ्यावा लागतो. मोठा मंडप, रांगा, ओळखपत्र बघून एक पाकीट हातात देतात. दारात सुधीर म्हणाले, "आत फक्त पळणाऱ्यांना सोडतात. तू इथेच थांब."

मी थांबले. पुढच्या वीस मिनिटांत माझ्यासमोरून निदान तीस बायका नवऱ्यांबरोबर आत गेल्या. त्यातली एक नऊवारीत होती आणि तिच्या कडेवर मूल होतं.

सुधीर बाहेर आले तेव्हा पाकीट त्यांच्या खांद्यावरच्या बॅगेत गेलेलं होतं. "बघू," मी म्हटलं.

"घरी बघू. गर्दी आहे."

घरी गेल्यावर म्हणाले, दमलो. संध्याकाळी त्यांना एकट्यानेच फिरून यायचं होतं, "पाय मोकळे करायला". तासाभराने आले. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणाले, असंच, इकडे तिकडे. इकडे तिकडे जाणारा माणूस हा नव्हे. सत्तावीस वर्षांत कधी गेला नाही.

शनिवार

माझ्या यादीत एक ओळ होती: नंबर शर्टाला लावणे, चार पिना. सकाळी मी पिना काढल्या आणि नंबर मागितला. सुधीर म्हणाले, "राहू दे, मी लावीन."

या माणसाने आजवर स्वतःचं एक बटण लावलेलं नाही. ते आंघोळीला गेले. मी बॅग उघडली. हे बरोबर की चूक यावर वाचकांनी हवं ते मत करावं. मी तेव्हा केलं नाही, बादलीत पाणी पडण्याचा आवाज येत होता आणि वेळ कमी होता.

पाकिटात नंबर होता. नंबरावर अंतर छापलेलं होतं. दहा.

मी तो पुन्हा घडी होती तसा घातला, चेन ओढली आणि स्वयंपाकघरात जाऊन विद्याताईंना गुळपोळ्या लाटून देऊ लागले. पहिल्या दोन फाटल्या.

मला काय काय वाटलं त्याचा क्रम लावायचा झाला तर: आधी सुटका, कारण दहा किलोमीटरने छाती दुखत नाही. मग संताप. मग देवळातला नारळ, भाऊकाकांचं भाषण आणि सगळ्यांच्या टाळ्या, आणि आता झाशीत जाऊन मी कुणाकुणाला काय सांगायचं हा प्रश्न. आणि सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात जास्त वेळ टिकलेलं: ते सोळा रविवार मी टिक केले ते कशाला?

बोलायचं नाही असं ठरवलं. त्यांना सांगू द्यायचं. मी तीन संधी देणार होते, चौथी नाही.

पहिली जेवताना. सुधीरनी तिसरी गुळपोळी घेतली, वर तूप. मी म्हटलं, "उद्या जड नाही जाणार? बेचाळीस आहे." विद्याताई म्हणाल्या, "खाऊ दे गं त्याला. उद्या सगळं जिरेल." सुधीरनी ताटातच बघत विचारलं, "विद्या, ही पोळी तू केलीस का?" विद्याताईंनी पोळ्यांची पद्धत सांगायला सुरुवात केली. संधी गेली.

दुसरी चौपाटीवर, ऊन उतरताना. समुद्र आमच्या गावात नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे बेतवा, ती दगडांत अडत अडत जाते. इथे मात्र पाणी येतच राहतं, त्याला कुठे पोचायचं आहे असं वाटत नाही. मग मी म्हटलं, "काही सांगायचं आहे का?"

सुधीरनी वाळूत बोट फिरवलं. "अगं, ऐक ना..."

तेवढ्यात त्यांच्या फोनवर भाऊकाकांचा आवाजी निरोप आला. त्यांनी तो लावला. "सुधीर, सबंध झाशी तुझ्या पाठीशी आहे बरं का! शर्टावर गावाचं नाव लिहून घे, विसरू नकोस. जय गणेश!"

सुधीरनी फोन खिशात ठेवला. "काय म्हणत होतात?" मी विचारलं.

"काही नाही. वारा सुटलाय, निघू या."

तिसरी झोपण्याआधी. "गजर किती वाजताचा लावू?" मी विचारलं. बेचाळीसवाले पाचला सुटणार, दहावाले सहाला, हे मी एव्हाना माहिती करून घेतलं होतं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "तीन."

म्हणजे खोटं पूर्ण वठवायचं ठरलेलं होतं. थंडीत, तीन तास आधी उठून.

रविवार

तीनला गजर झाला. मी चहा केला, केळं दिलं. सुधीरनी जाकीट गळ्यापर्यंत बंद केलं होतं, आतला नंबर दिसू नये म्हणून.

"तू येऊ नकोस आता. उगाच उभी राहशील. दहाला थेट शेवटच्या कमानीपाशी ये."

"बरं."

"दहाच्या आधी नको. साडेदहा म्हणालीस तरी चालेल."

"बरं."

ते गेले. दारातून विद्याताई म्हणाल्या, "किती शांत आहेस गं तू! मी असते तर देव पाण्यात ठेवले असते." मी म्हटलं, "माझे आधीच पाण्यात आहेत."

साडेसहाला मी कमानीपाशी पोचले. बाहेर पडायच्या वाटेच्या कठड्याला अगदी पुढची जागा मिळाली, कारण एवढ्या लवकर नवऱ्याला घ्यायला येणाऱ्या बायका कमी असतात. पिशवीत लिंबू-मीठ-पाणी, टॉवेल, कोरडा शर्ट. शेजारी एक पारशी आजी मुलाची वाट बघत होत्या. त्यांनी मला विचारलं, "हसबंड? टेन?" मी हो म्हटलं. पहिल्यांदा उच्चारलं ते. ऐकायला वाईट वाटलं नाही.

खरं सांगते, पळणाऱ्यांकडे बघता बघता माझा राग जरा ढिला झाला. एक सत्तरीचे गृहस्थ कमानीखाली आले आणि चक्क वाकून रस्त्याला नमस्कार केला. एक मुलगी रडत आली आणि आल्याबरोबर फोनमध्ये बघून टिकली नीट केली. आमच्या गावात पहाटे पळणाऱ्याला लोक विचारतात, "क्या हुआ, कुत्ता पीछे लगा है?" इथे अनोळखी माणसं अनोळखी माणसांना नंबरावर छापलेल्या नावाने हाका मारत होती.

सात वाजून बारा मिनिटांनी सुधीर आले. चांगले पळत होते. खांदे सैल, नजर समोर. दहा किलोमीटर बहात्तर मिनिटांच्या आत, त्रेपन्नव्या वर्षी. हे लिहायला हवं म्हणून लिहिते. कमान ओलांडली, पदक गळ्यात घेतलं, आणि इकडेतिकडे बघत, डोक्यावरची टोपी पुढे ओढत बाहेरच्या वाटेने आले. कठड्यापाशी मी उभी.

"तू?"

"पाणी घ्या. मीठ घातलंय."

त्यांनी पूर्ण बाटली संपवली. मला वाटतं, बोलायला लागू नये म्हणून. मग म्हणाले, "कधी कळलं?"

"काल. तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"हा प्रश्न माझा आहे."

आम्ही फुटपाथच्या कडेला बसलो. सांगायला फार नव्हतं. बेचाळीससाठी आधीच्या एखाद्या लांब शर्यतीच्या वेळेचा दाखला लागतो. यांच्याकडे होता तो फक्त दहाचा. दिवाळीनंतर कळलं की बेचाळीसमध्ये जागा नाही, दहात मिळेल. त्यांनी दहा घेतलं.

"त्याच दिवशी सांगणार होतो. घरी आलो तर तू फ्रिजपाशी. पुढचे आठ रविवार नव्याने लिहून मोकळी झाली होतीस. प्रत्येक रविवारी काय खायचं तेसुद्धा."

"म्हणजे माझी चूक."

"असं कुठे म्हटलं?"

मी मान्य केलं नाही. आता लिहिताना अर्धं करते.

"आणि रविवारी तीन-तीन तास कुठे असायचात?"

"दहा पळायचो. मग ओरछ्याच्या रस्त्यावर चहाच्या टपरीवर बसायचो. तक्त्यात साडेतीन होते ना."

"दोन-अडीच तास टपरीवर?"

"थंडी फार असायची गं. शेवटच्या रविवारी तर टपरीवाला मला भट्टीपाशी बसवून दूध आणायला गेला. चार गिऱ्हाइकांना मी चहा दिला."

मला हसू आलं. यायला नको होतं. ते थांबवून मी विचारलं, "आज दहापर्यंत कुठे बसणार होतात?"

"पलीकडे एक इराणी हॉटेल आहे. परवा संध्याकाळी बघून ठेवलं होतं. लवकर उघडतं."

म्हणजे इकडे तिकडे ते हे. माझ्या मदतीशिवाय या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आधी जाऊन बघून ठेवलं होतं.

"आणि देवळात? भाऊकाका बोलत होते तेव्हा?"

यावर ते हसले नाहीत. "मला वाटलं, आत्ता उठून सांगावं. पण सगळे टाळ्या वाजवत होते. माझ्यासाठी कुणी आजवर वाजवल्या नव्हत्या."

मी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. भाऊकाका. पावणेआठला. त्यांना धीर कुठला! "सूनबाई, कुठवर आला गं आमचा गडी? निम्मं झालं का?"

सुधीर माझ्याकडे बघत होते. मला सहज म्हणता आलं असतं, अजून पळताहेत काका, नंतर लावते. तोंडापर्यंत आलं होतं. संध्याकाळपर्यंत काहीतरी जुळवता आलं असतं. पाय मुरगळला, वेळ संपली. मी यादी करून दिली असती आणि ती पक्की झाली असती. हे मला त्या क्षणी कळलं आणि आवडलं नाही.

"इथेच आहेत काका," मी म्हटलं. "देते." ढोल-ताशे चालू होते, म्हणून आवाज मोठा केला आणि फोन दोघांच्या मध्ये धरला.

सुधीरनी घसा खाकरला. "काका, मी बेचाळीस पळालो नाही."

"काय झालं? बरा आहेस ना?"

"बरा आहे. मी दहा पळालो. माझं नाव दहातच होतं. दिवाळीपासून माहीत होतं. सत्काराच्या वेळीही माहीत होतं."

पलीकडून पूजेची घंटा ऐकू येत होती, काका देवळातून बोलत असावेत.

"पूर्ण पळालास का दहा?"

"हो."

"न थांबता?"

"हो."

मग काका म्हणाले, "इतिवृत्तात काय लिहू?"

"खरं तेच लिहा, काका."

"मग असं लिहितो." ते एकेक शब्द सावकाश उच्चारत होते, जणू तिकडे खरोखर दौत उघडली होती. "सत्कार झाला. धावणे शिल्लक."

आणि फोन ठेवला.

"रागावले का?" सुधीरनी विचारलं.

"काही कळत नाही."

अजूनही कळलेलं नाही.

झाशी, परत आल्यावर

गावाला मात्र दोन दिवसांत कळलं. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला एकीने माझ्या हातात वाण ठेवत विचारलं, "वहिनी, उरलेले बत्तीस कधी?" बाकीच्या वाण बघण्यात गुंतल्या. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी. आधी एकवीसचा दाखला मिळवायचा आहे." तिला उत्तराची अपेक्षा नसावी. तिने घाईघाईने मला आणखी एक तिळाचा लाडू दिला.

फ्रिजवर नवा तक्ता आहे. या वेळी तो सुधीरनी केला आहे, अक्षर वाचवत नाही आणि एक रविवार दोनदा आला आहे. मी त्याला हात लावलेला नाही.

फक्त एक बदल मी केला. रविवारी पहाटे मी स्कूटी काढते आणि त्यांच्या मागे, वीस पावलांवरून, दिवा लावून चालवत राहते. मुंबईला पळायला जाऊ इच्छिणाऱ्या कुणाही जोडप्याला मी याचीच शिफारस करीन. अविश्वास म्हणून नव्हे, धुक्यात मागून ट्रक येतात म्हणून, असं मी सुधीरना सांगितलं आहे. त्यांनी ते मानलेलं नाही आणि ते बरोबरच आहे.

गेल्या रविवारी चौदाव्या किलोमीटरला ते थांबले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि वळून न बघता ओरडले, "मोजते आहेस ना?"

"मोजते आहे," मी म्हटलं. "पळा."